रॅकेट बदलू नका, आधी गट बदला: कोपर, टेन्शन आणि सोलापूरचं ऊन

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगी १४ वर्षांची, तीन वर्षं झाली टेनिस खेळते, दिवाळीला तिला ३०५ ग्रॅमची ९८ इंची (म्हणजे डोकं ९८ चौरस इंचाचं) रॅकेट घेतली, त्यात पॉलीची (पॉलिएस्टरची) गट, म्हणजे रॅकेटच्या जाळीचा धागा, ५६ पाउंडाच्या ताणावर. मार्चपासून तिचे बॉल बेसलाइनच्या (कोर्टच्या मागच्या रेषेच्या) बाहेर जायला लागलेत आणि उजवा कोपर बाहेरच्या बाजूनं दुखतोय. एकानं सांगितलं टेन्शन, म्हणजे धाग्याचा ताण, ६० करा, कंट्रोल येतो. दुसरा म्हणाला डॅम्पनर (धाग्यांत अडकवायचं रबरी बटण) लावा, दुखणं थांबतंय. तिसरा म्हणाला रॅकेटच बदला. वडील विचारतात, यात खरं काय आणि यामागं सायन्स काय आहे?

मालक, तिघांचंही ऐकू नका. पहिल्याचं तर अजिबातच नको.

मी सोलापुरात वीसेक वर्षं गटिंग, म्हणजे रॅकेटला गट बसवायचं काम, करतोय, थोडं कोचिंगपण करतो. त्याआधी आमच्या घरात चादरीचे माग होते, त्यामुळं धागा ताणला की काय होतं हे टेनिसच्या आधी मागावर शिकलो. रॅकेटची जाळी म्हणजे तरी काय ओ, ताणा-बाणाच की. उभे धागे म्हणजे मेन्स, आडवे म्हणजे क्रॉसेस, एक वर एक खाली. १६ बाय १९ पॅटर्न म्हणजे १६ उभे १९ आडवे. फरक इतकाच की चादरीत धागा जागेवर बसावा अशी धडपड असते आणि रॅकेटमध्ये तो सरकावा अशी. ते का, ते पुढं सांगतो, कारण निम्मं टेनिस त्या सरकण्यातच आहे.

आधी एक हिशोब बघा. बॉल गटला चिकटून राहतो साधारण ५ मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचे दोनशे भाग केले तर त्यातला एक. तेवढ्यात समजा ताशी ७० किमीनं आलेला ५७-५८ ग्रॅमचा बॉल तुम्ही ताशी ११० नं परत पाठवला, तर त्या पाच मिलिसेकंदात सरासरी पन्नास-साठ किलोचा जोर लागतो, आणि मधल्या क्षणी त्याहून बराच जास्त. हा सगळा मामला इतक्या झटकन होतो की धक्का फ्रेममधून मुठीपर्यंत पोचून परत जाळीपर्यंत जायच्या आत बॉल निघून गेलेला असतो. म्हणून जी पोरं बॉल मारताना मूठ आवळतात त्यांना मी कायम सांगतो, तू आवळलंस काय आणि नाही आवळलंस काय, मधोमध लागलेल्या बॉलला ते कळतच नाही, कळतं ते फक्त तुझ्या कोपराला. आवळलेला हात रॅकेटशी जास्त घट्ट जोडला जातो, मग फ्रेमची थरथर आणि झटका सरळ वर चढतो. तुमच्या मुलीची मूठ एकदा बघा, शॉट झाल्यावर बोटांची पेरं पांढरी पडलेली असतील तर निम्मं उत्तर तिथंच सापडलं.

आता टेन्शनचं. लोकांना वाटतं टाइट गट म्हणजे पॉवर. उलटं आहे. बॉलची कसोटी ठरलेली आहे, २५४ सेंटीमीटरवरून कठीण जमिनीवर सोडला तर १३५ ते १४७ सेंटीमीटर उसळला पाहिजे. म्हणजे दिलेल्या ऊर्जेतली चाळीस-पंचेचाळीस टक्के बॉल स्वतःच खाऊन टाकतो, रबर दबताना गरम होण्यात जाते ती. गट मात्र प्रामाणिक असते, ताणली की नव्वद टक्क्यांच्या वर परत देते. म्हणून जाळी जितकी मऊ तितका बॉल कमी चेपतो, जाळी जास्त वाकते, आणि ऊर्जा परत जास्त मिळते. पण किती जास्त? टेन्शन दहा पाउंड उतरवलं तरी वेगात एखाद-दोन टक्क्यांचाच फरक पडतो. ढिल्या गटनं बॉल लांब जातो त्याचं मोठं कारण वेगळं आहे, बॉल जाळीवर जरा जास्त वेळ राहतो आणि थोडा वरच्या कोनात सुटतो. तो कोन दोन दिवसात हाताला सवयीचा होतो, कोपर दोन दिवसात बरा होत नाही.

आणि ५६ पाउंड म्हणजे किती ते तरी कुणी मोजतं का? साधारण साडेपंचवीस किलो, एका धाग्याला. १६ उभे धागे धरले तर फ्रेमचं डोकं आणि बुड एकमेकांकडं चारशे किलोच्या वर जोरानं ओढलं जातंय, दिवसरात्र. म्हणून एक धागा तुटला की बाकीचे तसेच ठेवू नका, लगेच मधून सुरू करून बाहेरच्या बाजूला एक उभा एक आडवा असे कापून टाका, नाहीतर एका बाजूनं ओढ राहून फ्रेम वाकडी होते. मी स्वतः सुरुवातीला एका पोराची रॅकेट तुटलेल्या गटसकट महिनाभर कपाटावर ठेवली होती, घाईत होतो, नंतर बघतो तर डोकं एका अंगाला बसलेलं. पैसे भरून दिले.

पॉली गट ही काय चीज आहे ते जरा समजून घ्या, कारण तुमच्या घरातला गुन्हेगार बहुतेक तीच आहे. जुनी गट आतड्याची, मग नायलॉन आलं, आणि १९९७ ला ब्राझीलचा गुस्तावो क्युर्टन लक्झिलॉन कंपनीची पॉलिएस्टर गट लावून फ्रेंच ओपन जिंकला, तिथून सगळं जग पॉलीकडं वळलं. पॉली कडक असते, कमी ताणली जाते, मग पॉवरही कमी आणि धक्का जास्त. तरी लोक का लावतात? स्पिनसाठी, म्हणजे बॉल गरगर फिरावा म्हणून. आणि इथं ते सरकणं येतं बघा.

टॉपस्पिन मारताना रॅकेट खालून वर घासत जाते, तेव्हा बॉल उभ्या धाग्यांना बाजूला ढकलतो. पॉली गुळगुळीत आणि कडक असल्यानं उभा धागा आडव्यावरून सरकतो आणि बॉल सुटायच्या आत सटकन जागेवर परत येतो, येता येता बॉलला गरगर फिरवतो. नायलॉनमध्ये धाग्याला धागा घासून खाचा पडतात, मग उभा धागा सरकतो पण तिथंच अडकून बसतो, म्हणूनच पॉइंट संपल्यावर बोटानं गट सरळ करत बसलेली माणसं दिसतात. ही गोष्ट नवीन नाही. १९७७ मध्ये 'स्पॅगेटी' नावाची जाळी निघाली होती, दुहेरी उभे धागे, आडव्यात न विणता नुसते वरून सरकणारे, इली नास्तासेनं ती घेऊन ग्वियेर्मो विलासला असं हैराण केलं की विलास मॅच अर्धी सोडून निघून गेला आणि त्याची ४६ सलग मॅचेसची विजयी मालिका तिथं तुटली. आयटीएफनं, म्हणजे टेनिसच्या जागतिक संघटनेनं, ती जाळी लगेच बंद केली, आणि पुढच्या वर्षी जाळी विणलेली, एकसारखी असली पाहिजे असा नियमच आला. पॉलीनं तेच काम नियमात बसून केलं.

पण हे सगळं कधी, तर पॉली जिवंत असेपर्यंत. मशीनवर मी हे रोज बघतो. नायलॉनचा धागा ओढला, ५० ला लागला, की मशीन शांत. पॉली ओढली की मशीन आकडा गाठतं, 'टक्' वाजतं, आणि तुम्ही क्लॅम्प (धागा धरून ठेवणारा चिमटा) न लावता नुसतं बघत बसलात तर मशीनचं धागा ओढणारं हेड अजून केसभर मागं जातं, परत केसभर, परत. धागा आतून सुटत असतो, ताणलेला असतानाच लांबत असतो. क्लॅम्प लावला, रॅकेट उतरवली, तरी ते काम आत चालूच राहतं. म्हणून ५६ ला केलेली पॉली दुसऱ्या दिवशी ५६ नसतेच, पहिल्या चोवीस तासांत दहा टक्के उतरणं अगदी नॉर्मल आहे, आणि नंतर खेळून खेळून तिचं सरकून परत येणंही जातं. धागा तुटत नाही, दिसायला टकाटक, पण मेलेला असतो. मेलेली पॉली कंट्रोल देत नाही, स्पिन देत नाही, कडकपणा मात्र ठेवते. पोरगी मग बॉल आत ठेवायला मनगट वळवायला लागते, स्विंग आखडते, आणि दुखणं तिथून सुरू होतं. दिवाळीची गट मार्चमध्ये म्हणजे साडेचार-पाच महिने झाले ओ. जुना नियम आहे, आठवड्यात जितके दिवस खेळता तितक्या वेळा वर्षात गट बदला, आणि पॉलीला तर तेही कमी पडतं.

त्यात आपलं ऊन. गरम धागा अजून लवकर सैल पडतो. दुपारी बंद गाडीच्या डिकीत रॅकेट ठेवणं म्हणजे गट शिजवणं आहे, आणि ४२-४३ डिग्रीत आपल्याकडं गाडीच्या आत काय होतं ते तुम्हाला मी सांगायला नको. घरात, सावलीत, बॅगेत ठेवा. एवढ्या एका सवयीनं गटचे पैसे वाचतात.

आता मार्चपासूनच बॉल बाहेर का, याचं उत्तर निम्मं गटमध्ये आहे, निम्मं हवेत. बॉलच्या आत हवा भरलेली असते, बाहेरच्या दाबापेक्षा साधारण १२ पीएसआय (चौरस इंचाला १२ पाउंड) जास्त. बॉलची कसोटी २० डिग्रीला घेतात. तोच बॉल ४२ डिग्रीत तापला की आतला एकूण दाब सातेक टक्के वाढतो, पण बाहेरचा दाब वजा केला तर तो १२ चा १४ च्या आसपास जातो, म्हणजे सहावा हिस्सा जास्त. वरून रबर गरम झालं की जास्त उसळतं. हे झालं टप्प्याचं. उडण्याचं वेगळंच. ताशी ८० किमीला बॉलवर हवेचा जो अडथळा असतो तो बॉलच्या स्वतःच्या वजनाइतका असतो, ११० ला जवळजवळ दुप्पट. लोकांना वाटतं बॉलला खाली आणते ती फक्त गुरुत्वाकर्षणाची ओढ, पण बेसलाइनच्या आत ठेवायला हवा तितकीच राबत असते. सोलापूर समुद्रापासून साडेचारशे मीटर वर आहे, त्यात उन्हाळ्याची दुपार, समुद्रकाठच्या २० डिग्रीच्या हवेपेक्षा आपली हवा दहा-बारा टक्के पातळ पडते. माझ्या कच्च्या हिशोबानं जोरकस ग्राउंडस्ट्रोक (टप्पा पडल्यावर मारलेला शॉट) त्यानं फूट-दोन फूट पुढं पडतो. पोरीचं काही चुकलेलं नाही, जानेवारीत गड्ड्याच्या (सिद्धेश्वर यात्रेच्या) थंडीत लाइनवर पडणारा तोच शॉट मे मध्ये बाहेर जाणारच.

मोठे खेळाडू अशा वेळी टेन्शन एक-दोन पाउंड वाढवतात, हे खरं आहे, आणि तुम्हाला ६० सांगणाऱ्यानं तेच कुठंतरी ऐकलं असणार. पण त्यांचा कोपर दुखत नसतो आणि त्यांची गट दर मॅचला नवीन असते. तुमच्याकडं उपाय स्पिनचा आहे. फिरणारा बॉल हवेला एका बाजूला ढकलतो आणि स्वतः उलट्या बाजूला जातो, टॉपस्पिन असेल तर खाली. न्यूटननं १६७२ मध्येच टेनिसचा बॉल वाकडा जातो हे लिहून ठेवलंय, लॉर्ड रॅलेनं १८७७ मध्ये त्यावर अख्खा निबंध लिहिला, त्याला नाव मात्र मॅग्नसचं पडलं. कोर्टची नेट मधोमध ९१ सेंटीमीटर उंच आहे, तिच्यावरून हातभर उंच मारा आणि बॉलला फिरवा, उन्हाळ्यात आत पडतो. नेटला घासून सपाट मारायची हौस असेल तर डिसेंबरची वाट बघा.

बॉलवरून अजून एक. डबा उघडताना जो 'फस्स' आवाज येतो ना, त्या क्षणापासून बॉल मरायला लागतो, कारण रबरातून हवा हळूहळू झिरपतेच, खेळा नाहीतर घरी ठेवा. आपल्याकडं बास्केटमध्ये वर्षभराचे बॉल पडलेले असतात, टक्कल पडलेले, आणि पोरं त्यावर रोज दोन तास मारतात. मेलेला बॉल परत येत नाही म्हणून पोर जास्त जोरानं मारतं, तेही कोपरालाच. घरी तपासायचं असेल तर भिंतीवर २५४ सेंटीमीटरची खूण करा, म्हणजे आठ फूट चार इंच, स्टुलावर चढून फरशीवर सोडा, सकाळच्या गारव्यात १३५ च्या खालीच राहिला तर तो बॉल कुत्र्याला द्या. दुपारी तपासू नका, ऊन खोटी साक्ष देतं.

डॅम्पनर. ते रबरी बटण फक्त धाग्यांचा 'टंग' आवाज मारतं. धागे सेकंदाला पाचशे-सहाशे वेळा थरथरतात, बटण तेवढं थांबवतं. फ्रेम थरथरते सेकंदाला दीडशेच्या आसपास वेळा, आणि हाताला जाचतं ते हे. दोन-तीन ग्रॅमचं बटण ३०० ग्रॅमच्या फ्रेमला काय रोखणार? आवाज आवडत नसेल तर लावा, औषध म्हणून लावू नका. फ्रेमची थरथर कमी करायचा खरा उपाय म्हणजे बॉल स्वीट स्पॉटवर, जाळीच्या मधल्या जागेवर, घेणं, तिथं लागला की फ्रेम जवळजवळ थरथरतच नाही, हाताला लोण्यासारखं वाटतं.

रॅकेटचं वजन मात्र जरा नाजूक प्रकरण आहे, इथं माझं मत बरेच जण मानत नाहीत. दुखतंय म्हटलं की लोक २५० ग्रॅमची हलकी रॅकेट आणतात. हलकी रॅकेट बॉल लागला की जास्त मागं ढकलली जाते, मधून जरा बाजूला लागला की हातात वळते, आणि अशा रॅकेटी बहुतेक कडकही असतात. वळण्याचं गणित तर मजेशीर आहे, डोकं रुंद केलं की वळायला होणारा विरोध रुंदीच्या वर्गाच्या हिशोबात वाढतो, हॉवर्ड हेडनं १९७६ ला प्रिन्स कंपनीची मोठ्या डोक्याची रॅकेट काढली ती याच जोरावर, नाहीतर लाकडी रॅकेटचं डोकं बिचारं सत्तर इंचाच्या आतबाहेर असायचं. म्हणजे वजन चांगलं, पण पोरीला ते वेळेवर फिरवता आलं पाहिजे. ३०५ ग्रॅममध्ये गटचे पंधरा-सतरा, ओव्हरग्रिपचे (मुठीवर गुंडाळायच्या पट्टीचे) पाच-सहा मिळवा, ३२५ च्या वर गेलं. १४ व्या वर्षी पहिल्या सेटला ठीक, तिसऱ्या सेटला बॅकहँड उशिरा येणार, मनगट आत वाकलेलं असताना बॉल लागणार, आणि कोपराच्या बाहेरच्या हाडाला जो स्नायू चिकटलेला असतो तो तिथंच ओढला जातो. नवीन घेत असता तर २८०-२८५ ची १०० इंची सांगितली असती. घेतलीय ना, मग राहू द्या, वर्षभरात ती तिच्यात मावेल. आपल्या बार्शीची प्रार्थना ठोंबरे २०१४ ला इंचिऑन एशियाडमध्ये सानियासोबत डबल्सचं ब्राँझ घेऊन आली तेव्हापासून इकडं प्रत्येक बापाला मोठ्या खेळाडूंसारखी रॅकेट हवी असते, आणि पोर अजून वाढतंय हे विसरायला होतं.

मग करायचं काय. पॉली कापून टाका, आजच. मल्टिफिलामेंट लावा, बारीक बारीक तंतूंचा पिळलेला धागा असतो तो, मऊ, १.३० मिलिमीटरचा, ४८ पाउंडावर. लवकर तुटेल, टोकाला भुसा निघाल्यासारखा दिसेल, घाबरू नका. महिनाभरानं दुखणं पूर्ण गेलं आणि स्पिनची हौस राहिलीच तर उभे मल्टी, आडवे पॉली असं हायब्रिड ४६-४७ ला करून बघू, त्यात मऊपणा बराचसा राहतो कारण जाळीचं वागणं मुख्यतः उभे धागे ठरवतात. ताण्यात जे घालाल तसं कापड, हे विणकराच्या घरात वेगळं सांगावं लागत नाही.

ग्रिप मोजा. तिनं रॅकेट धरल्यावर बोटांची टोकं आणि तळव्याचा फुगवटा यांच्यामध्ये दुसऱ्या हाताचं एक बोट आडवं मावलं पाहिजे. मावत नसेल तर ग्रिप बारीक, मग ती आवळून धरणार. आणि उन्हाळ्यात ओव्हरग्रिप आठवड्याला बदला, घामानं गुळगुळीत झालेली ग्रिप माणूस नकळत आवळतोच. पन्नास-शंभर रुपयांसाठी कोपर नासवू नका.

दोन आठवडे सर्व्हिस आणि एकहाती बॅकहँड बंद. बोटांना मुंग्या येत असतील, कोपर सुजला असेल, किंवा दुखणं आतल्या बाजूला असेल तर मात्र हे माझं पुराण बाजूला ठेवा आणि थेट हाडाच्या डॉक्टरकडं जा, या वयात हाडाची वाढीची जागा अजून कच्ची असते.

गटिंग कुणाकडंही करा, पण करणाऱ्याला आडवे धागे ओढताना सावकाश ओढायला सांगा. घाईत सर्रकन ओढला की मऊ धागा जागच्या जागी भाजतो, बोटाला कळतं, एक चरचरीत ओरखडा लागतो, आणि ती जागा आठवड्यात तुटते. झालं की फ्रेमच्या आत गळ्यापाशी छोटी चिकटपट्टी लावून तारीख आणि आकडा लिहून घ्या. पुढच्या वेळी येताना ती पट्टी असली तर मला 'कधी केली होती, किती पाउंड' विचारत बसावं लागत नाही. निम्म्या लोकांना आठवत नाही, आणि उरलेले ५५ सांगतात.